तळपद्यांची अमेरिकन बेस

“डोळे मिटून सांगतो, अमेरिकन ती अमेरिकन,” हळदणकर मास्तर म्हणाले.

डोळे त्यांनी मिटले नव्हते. चांगले टक्क उघडे होते आणि टेबलावरच्या क्रीम रंगाच्या बेस गिटारच्या डोक्याकडे लागले होते. त्या डोक्यावर सोनेरी तिरप्या अक्षरांत एक परदेशी नाव होतं. शेजारी दुसरी बेस होती. तिला रंग नव्हता, नुसतं पॉलिश, त्यामुळे लाकडाचा पिवळा रंग उघडा दिसत होता. तिच्या डोक्यावर कोरलं होतं, ‘तुस्कानो’.

तुस्कानो म्हणजे मी. फ्लोरी इनास तुस्कानो, मुक्काम गिरीज, वसई. तेव्हा वय सव्वीस. तीस वर्षं होत आली या गोष्टीला.

गिरगावातल्या एका शाळेच्या वरच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी ऑर्केस्ट्राची तालीम असायची. त्या दिवशी तालमीच्या आधी आम्ही चौघं जमलो होतो. हळदणकर मास्तर हे अरेंजर, म्हणजे कुणी काय वाजवायचं आणि कुणी गप्प बसायचं हे ठरवणारे. रांगणेकर शेठ वाद्यांच्या दुकानाचे मालक. तिसरे तळपदेदादा, सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बसणारे बेसवादक. क्रीम रंगाची बेस त्यांची. मुंबईत चांगल्या बेसचा विषय निघाला की तिचा विषय निघे, आणि मग लोक आवाज खाली आणून बोलत, जणू आतल्या खोलीत कुणी आजारी आहे.

रांगणेकर शेठनी मला चार महिन्यांपूर्वी सांगितलं होतं, “तळपद्यांच्या बेसची हुबेहूब नक्कल करून आण. मास्तरांना पसंत पडली तर दहा घेतो.”

मी “बघते” म्हटलं. एवढंच बोलले नाही, की तळपद्यांची ती अमेरिकन बेससुद्धा मीच केली होती. गिरीजला, आमच्या छपरात, म्हणजे पपांच्या कामाच्या शेडमध्ये.

तर मला माझ्याच हातच्या कामाची नक्कल करायची होती, आणि ती अस्सलच्या तोडीची आहे का, हे तिघे जण ठरवणार होते.

त्याच्या आधीची गोष्ट अशी. आमचे पपा इनास मिस्त्री. चर्चचे बाक, वेदी, कपाटं आणि शवपेट्या हे आमच्या घरचं काम. चर्चच्या गायकवृंदाची मोडकी गिटार दुरुस्त करता करता मला गिटार करायचा नाद लागला. एकदा तळपदेदादा कुणाच्या तरी लग्नाला वसईत आले होते. त्यांच्या बेसची खुंटी तुटली म्हणून कुणीतरी त्यांना आमच्याकडे पाठवलं. मी खुंटी बसवत होते तोवर त्यांनी कोपऱ्यातली माझी नवी बेस उचलली आणि तिथल्याच एका अर्धवट शवपेटीच्या काठावर बसून तासभर वाजवली. लग्नात त्यांची वाट बघत होते.

“ही मी नेतो,” ते म्हणाले. “पण डोक्यावर तुझं नाव नको.”

“का?”

“अरेंजर आधी गिटारचं डोकं बघतो. मग वाजवणाऱ्याचे बूट बघतो. मग ऐकायला लागतो, तोवर गाणं संपलेलं असतं.”

मी ती मोटार गॅरेजमध्ये नेऊन क्रीम रंगात रंगवून घेतली. सोनेरी अक्षरं छापून आणली, चिकटवली, वरून लॅकरचे चार हात दिले. कुणी माझ्यावर बळजबरी केली नव्हती. माझी पहिली बेस मोठ्या वादकाच्या हातात जात होती, तेवढं मला पुरलं. कुणाला सांगणार नाही असं वचनही मीच दिलं.

दुसरी बेस केली तेव्हा मात्र डोक्यावर माझं नाव कोरलं. पपा पटाशीला धार लावत होते, त्यांनी मान वर केली.

“हे काय?”

“नाव.”

“मिस्त्रीचं नाव दर्शनी? बाकावर नाव असतं ते देणगी देणाऱ्याचं. पेटीवर असतं ते गेलेल्याचं. करणाऱ्याचं कुठं असतं का?”

“या वस्तूवर असेल.”

पपांनी पटाशीची धार अंगठ्यानं तपासली. मग म्हणाले, “बरं. दहाची ऑर्डर आणलीस तर हे अर्धं छप्पर तुझं, काय ते नाव कोरत बस. नाही आणलीस तर उद्यापासून पेट्यांना पॉलिश. मग हा खेळ बंद. कबूल?”

“कबूल,” मी म्हटलं.

तेव्हा त्या रविवारी टेबलावर दोन बेस होत्या असं त्या तिघांना वाटत होतं. माझ्या हिशेबानं त्या टेबलावर अर्धं छप्पर होतं.

“ह्या जुन्या बेसमध्ये ‘ते’ आहे,” मास्तर म्हणाले.

“ते म्हणजे काय हो?” मी विचारलं.

“ते म्हणजे ते. आता कसं सांगू तुला? लाकूड. सत्तर सालच्या आसपासचं अमेरिकन लाकूड. थंडीत वाढलेलं झाड. तसं झाडच आता उरलं नाही.”

शेवटचं वाक्य खरं होतं. ते झाड आमच्या विहिरीजवळ होतं आणि वादळात पडलं. फणसाचं. दोन्ही बेस त्याच एका खोडातल्या. पण हे मी मनात म्हटलं.

मला एक खोड आहे. माझ्याकडे एक वही असते. जो वादक माझं वाद्य हातात घेतो त्याचं नाव तिच्यात जातं, आणि नावापुढे दोन रकाने. पहिल्यात तो वाद्य बघून काय म्हणाला ते. दुसऱ्यात वाजवून काय म्हणाला ते. त्या रविवारपर्यंत एकेचाळीस नावं झाली होती. त्यातल्या सहा जणांनी वाजवल्यावर मत बदललं. उरलेल्या पस्तीस जणांना कान नव्हते असं नाही, पण ते कान डोळ्यांच्या हाताखाली नोकरीला होते.

“नवी वाजवून तर बघा,” रांगणेकर शेठ म्हणाले. दहा बेस विकायच्या तर त्यांना होत्याच.

तळपदेदादांनी आधी स्वतःची वाजवली. दोन ओळी, संपलं. मग माझी नवी घेतली. मी घड्याळ बघितलं. आठ मिनिटं त्यांनी ती खाली ठेवली नाही. दुसऱ्या मिनिटाला त्यांचा उजवा पाय ताल धरायला लागला, आणि मानेवरची त्यांची बोटं अशी सरकत होती, जशी आपण ओळखीच्या घरात अंधारात फिरतो. का नाही फिरणार? नव्या बेसची मान तीन पट्ट्यांची होती, साग, शिसव, साग, पहिलीसारखीच. फक्त हाताला वळण पडल्यामुळे ही जास्त सरळ उतरली होती. तारांखालच्या चुंबकाभोवतीची केसासारखी तांब्याची तार मी आईच्या शिलाई मशीनच्या चाकावर गुंडाळली होती, मोजून आठ हजार वेढे. सहा हजारांवर असताना शेजारच्या बायनं हाक मारली आणि आकडा चुकला. सगळी सोडली आणि एकपासून मोजली.

“काय?” मास्तरांनी विचारलं.

तळपदेदादांचा पाय थांबला. “ठीक आहे,” ते म्हणाले.

“ठीक म्हणजे कपाट वाजवल्यासारखं वाटतंय,” मास्तर म्हणाले. “दिसतेही कपाटासारखीच. खण कुठे उघडतो गं?”

शेठ हसले. मी हसले नाही. आमच्या कपाटांचे खण फार छान उघडतात.

“आवाज जाड आहे,” मास्तर पुढे म्हणाले. “तिच्यात कसा मध आहे. हिच्यात मध नाही.”

“मध,” मी म्हटलं. शब्द लक्षात ठेवला, वहीसाठी.

शेठनी तळपद्यांकडे बघितलं. “दादा, तुमचा शब्द शेवटचा. घेऊ की नको?”

मला खात्री होती की ते ‘घ्या’ म्हणतील. त्यांचा पाय मी पाहिला होता. पण नवी बेस चांगली म्हटली तर जुनीच्या अमेरिकेचं काय, हा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर मला आकड्यांसकट दिसला.

“पोरगी कष्टाळू आहे,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “पण शेठ, सुतारकाम वेगळं आणि वाद्य वेगळं. ते त्या लोकांच्या रक्तातच असावं लागतं.”

“झालं तर,” शेठ म्हणाले आणि चहा सांगायला उठले.

“शेठ, बसा,” मी म्हटलं. “दादांची ती अमेरिकन बेस मी केलीय.”

मग शेठ मोठ्यानं हसले.

“हो का? आणि राजाबाई टॉवर तुझ्या पपांनी बांधला असेल!”

मास्तर हसले नाहीत. ते मला समजुतीच्या सुरात म्हणाले, “मुली, नाही जमलं तर नाही जमलं म्हणावं. दुसऱ्याच्या वाद्यावर हक्क सांगू नये.”

“तिची मान सोडवा,” मी म्हटलं. “मागे चार स्क्रू आहेत. सांध्याच्या आत लिहिलंय.”

आमच्याकडे रीत आहे. मिस्त्री आपलं नाव दर्शनी भागावर घालत नाही, पण ज्या सांध्यात ते पुन्हा कुणाला दिसायचं नाही तिथं पेन्सिलीनं लिहून मग सांधा मिटवतो. पपांनी तसं केलं, त्यांच्या वडिलांनी केलं. गिरीजच्या आसपासच्या किती वेद्या आणि पेट्या पोटात आमची नावं घेऊन आहेत, देव जाणे. तळपद्यांच्या बेसवर मी बाहेर खोटं नाव चिकटवलं, आणि त्याच्या दोन दिवस आधी, सवयीनं, विचार न करता, आत खरं लिहून ठेवलं होतं. चोरी करताना दारावर स्वतःची पाटी लावून आलेला चोर मी दुसरा पाहिलेला नाही.

“माझ्या वाद्याला हात लावायचा नाही,” तळपदेदादा म्हणाले. त्यांनी क्रीम बेस ओढून मांडीवर घेतली.

“अहो, तसं कोण लावतंय?” शेठ म्हणाले. “तुम्ही नुसतं म्हणा की पोरगी खोटं बोलते. विषय संपला. चहा येईल, ही आपली गाडी पकडेल.”

तीन शब्दांचं काम होतं. पोरगी खोटं बोलते. त्यांनी तोंड उघडलंही. मी त्यांच्याकडे बघत राहिले. रडायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि खरं सांगायचं तर रडू येतही नव्हतं. संताप मात्र कानापर्यंत आला होता, आणि त्यातला निम्मा माझा माझ्यावरच होता.

तळपदेदादांनी मांडीवरच्या बेसवर हात फिरवला. वरून खाली, एकदा. मग म्हणाले, “स्क्रू ड्रायव्हर आहे का गं?”

सुताराच्या मुलीला काय विचारणं हे! मी पिशवीतून काढून दिला.

त्यांनी स्वतः तारा सैल केल्या. स्वतः चारही स्क्रू काढले, एकेक मोजून खिशात ठेवला. मान अलगद वर उचलली आणि खिडकीपाशी जाऊन आत बघितलं. नुसतं दाखवलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी मोठ्यानं वाचलं.

“‘फ्लोरी इ. तुस्कानो, गिरीज. फणस, विहिरीजवळचा. बारा मे एक्याण्णव. मान सरळ आहे असं पपा म्हणाले.’”

मग मास्तरांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, “फणस?”

“कापा,” मी म्हटलं. “बरका नव्हे.”

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मी म्हणतच होतो,” ते म्हणाले, “इतका गोड आवाज अमेरिकन लाकडाचा नसतो.”

बेचाळिसावं नाव. मत बदललं, पण वाजवून नव्हे, वाचून. त्यांच्यासाठी मला तिसरा रकाना आखावा लागला.

तळपदेदादा परत येऊन खुर्चीवर बसले. मान एका हातात, धड दुसऱ्या हातात. आता दुकानदार भडकणार, असं मला वाटलं. मी रांगणेकर शेठना ओळखत नव्हते. ते सावकाश उठले, सुट्या मानेवरची सोनेरी अक्षरं त्यांनी नखानं खरवडून बघितली. निघाली नाहीत. त्यांचे डोळे चमकायला लागले.

“तीन वर्षं!” ते म्हणाले. “तीन वर्षं अख्ख्या मुंबईत कुणाला कळलं नाही! मास्तर, तुम्हाला कळलं नाही, मग कुणाच्या बापाला कळणार आहे? फ्लोरी, दहा नको. वीस कर.”

“वीस?”

“वीस. हाच क्रीम रंग, हीच अक्षरं. बाकी तुझा फणस असो नाहीतर आंबा असो, मला घेणं नाही.”

वीस. पपांनी दहा सांगितल्या होत्या. वीस म्हणजे अख्खं छप्पर मागता आलं असतं. मी खोटं बोलणार नाही, क्षणभर मी मनात तिथं यंत्रं मांडली. खिडकीपाशी मशीन, भिंतीला माना टांगलेल्या.

“आणि नाव?” मी विचारलं.

“तेच की. सोनेरी.”

“माझं?”

“तुझं आत लिही ना पेन्सिलीनं! तुमच्यात तशी पद्धतच दिसतेय.”

तळपदेदादांनी मान खाली घातली. मास्तर मात्र माझ्याकडे बघत होते, उत्सुकतेनं, जसं एखाद्या नव्या वादकाला अवघड जागा आली की बघतात.

“शेठ,” मी म्हटलं, “पेटीवर आम्ही आमचं नाव घालत नाही, दुसऱ्याचं घालतो, हे खरं. पण पेटीवर ज्याचं नाव असतं तोच माणूस आत असतो.”

मास्तरांना ठसका लागला.

“हे बघ, धंद्यात असं बोलून चालत नाही,” शेठ म्हणाले. “तुस्कानो नावाची बेस कोण घेणार आहे?”

“वाजवून बघेल तो.”

“असे किती असतात?”

“सहा आहेत. नावं देऊ?”

“सहा! सहा माणसांवर दुकान चालतं का? विचार कर. वीस बेस सोडतेस तू. एका नावासाठी.”

“एक गोष्ट मी आधीच केलीय,” मी म्हटलं. “ही पहिली. तिची मला लाज वाटते. वीस वेळा लाज वाटून घ्यायला माझ्याकडे वेळ नाही. तुस्कानो लिहिलेली एक हवी तर एक घ्या, शंभर हव्या तर शंभर देते. ते सोनेरी नाव माझ्या छपरात परत येणार नाही.”

शेठचा आवाज चढला. “हट्टी आहेस! उपाशी मरशील अशानं!”

“मेले तर पेटी घरची आहे,” मी म्हटलं, आणि नवी बेस पिशवीत घालायला लागले.

चहा आला तेव्हा मी जिन्यात होते. मागून तळपदेदादा आले. एका हातात सुटी मान तशीच.

“वचन दिलं होतंस,” ते म्हणाले.

“दिलं होतं. मोडलं. तुम्ही ते रक्ताचं बोलला नसतात तर कदाचित आणखी तीन वर्षं पाळलंही असतं.”

ते कठड्याला टेकले. “आज रात्री सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बसायचंय. मास्तरांच्या पोटात गोष्ट राहत नाही. सगळे हिच्याकडे बघून हसतील.”

“आवाज तोच आहे, दादा. कालचाच.”

“ते तुला माहीत आहे.”

“आता तुम्हालाही माहीत आहे. तेव्हा हसू द्या.”

त्यांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला. “ही निघतील का?”

“नखानं नाही निघायची. वर लॅकर आहे, पक्कं काम केलंय मी. कधी वाटलं तर गिरीजला घेऊन या. मी लावली, मीच काढून देईन.”

“आणि तिथं काय लिहिशील?”

“ते तुम्ही येताना ठरवून या,” मी म्हटलं आणि उतरले.

घरी पोचले तेव्हा पपा एका बाकाला रंधा मारत होते. थांबले नाहीत.

“दहा?” त्यांनी विचारलं.

“शून्य. आधी नाही म्हणाले, मग वीस म्हणाले, मग मी नाही म्हटलं.”

रंधा थांबला. मग मी सगळं सांगितलं. पेन्सिलीचं सांगितलं तेव्हा त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. सोनेरी अक्षरं मी लावली होती हे त्यांना तोवर माहीत नव्हतं. ते ऐकून त्यांनी माझ्याकडे जे बघितलं, ते मी इथं लिहिणार नाही. शेठनी शेवटी काय देऊ केलं आणि मी काय म्हटलं तेही सांगितलं.

कबूल केलं होतं ते केलं होतं. मी बेस भिंतीला टेकवली, पॉलिशचा डबा काढला, चिंधी घेतली आणि कोपऱ्यातल्या पेटीच्या झाकणाशी जाऊन बसले. दोन हात मारले असतील.

“इकडे ये,” पपा म्हणाले.

त्यांनी बेस उचलून आपल्या टेबलावर आडवी ठेवली होती. नाव कोरलं त्या दिवसानंतर त्यांनी तिच्या डोक्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. आता चष्मा कपाळावर सरकवून ते माझ्या नावावरून अंगठा फिरवत होते, लाकडाची गाठ बघावी तसा.

“उथळ कोरलंयस,” ते म्हणाले. “कुणीही काचकागदानं दोनदा घासलं की गेलं.”

“म्हणजे?”

“म्हणजे भीत भीत कोरलंयस.”

त्यांनी शिकंज्यात फडकं घालून बेसचं डोकं हलकेच आवळलं. पाव इंची पटाशी माझ्या हातात दिली आणि लाकडी हातोडी पुढे सरकवली.

“आणि पॉलिश?” मी विचारलं.

“पॉलिशला माणूस मिळेल.”

मी पहिल्या अक्षरावर पटाशी टेकवली. ते दोन्ही हातांनी बेसची मान धरून उभे राहिले. मी ठोकलं. सागाचा पिवळसर भुसा सुटून त्यांच्या बोटांवर पडला. अक्षर खोल गेलं, आणखी खोल गेलं, तरी ते थांब म्हणेनात. शेवटी त्यांनी वाकून भुसा फुंकला, आत नख घालून बघितलं.

“पुढचं,” ते म्हणाले.